दिलं म्हणजे दिलं

आमच्या गल्लीत कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी चाचा त्या घरी हजर. मुसलमानाचं घर असो की हिंदूचं, त्यांना फरक पडायचा नाही. आत बायका रडतायत, बाहेर चार माणसं माना खाली घालून बसलीयत, आणि हे गृहस्थ ओट्यावर मांडी ठोकून, डोक्यावरची टोपी सारखी करून घरच्या थोरल्याच्या कानाशी लागणार, "घर कुणाच्या नावावर हाय?"

लोक चिडणार नाहीत तर काय! एकानं तर पाण्याचा तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला होता. "चाचा, बापाची राख आत्ता सावडून आलोय आमी. लाज वाटू द्या."

"म्हणून तर आज विचारतो," चाचा म्हणाले. "आज तुमी दोगं भाऊ एका सतरंजीवर बसलाव. वर्षश्राद्धाला बसताल का, सांगा."

आमचे हे गेले तेव्हा मलाही हाच प्रश्न. मी मेली आधीच अर्धी झालेली, त्यात हे. तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना. पण घर होतं सासऱ्यांच्याच नावावर, आणि सासरे जाऊन जमाना झाला होता. तेरावं झाल्यावर चाचांनी रिक्षा आणून दारात उभी केली आणि मला नगरपरिषदेत नेऊन बसवलं. नाव लागेपर्यंत रोज सकाळी विचारायचे, "लागलं का, बाई? लागतंय-लागतंय सांगू नका. लागलं का न्हाई, तेवढं सांगा." दिरांनी पुढं काय काय केलं ते सांगत नाही, पण आज मी माझ्या घरात ताठ मानेनं राहते ती त्या आगाऊ माणसामुळं.

चाचा मोटर रिवायंडिंगवाले. आमच्या घराचा रस्त्याकडचा गाळा त्यांनी भाड्यानं घेतला होता आणि त्यांचं स्वतःचं घर समोरच, रस्त्याच्या पलीकडं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळक्या मोटरी त्यांच्याकडं यायच्या. परळीत वीजकेंद्राची राख सगळ्यांच्याच घरात येते, तशी त्यांच्या गाळ्यातही यायची आणि नव्या तारेवर बसायची. ते फुंकर मारत, मोटरीशी बोलत बसायचे. "काय झालं बे तुला? कुणी जाळलं?" शेतकरी घाबरून बघत असला की त्याला सांगायचे, "मेली न्हाई. बेशुद्ध पडलीय." जगात त्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा असेल तर अर्धवट कामाचा. तार जोडली तर जोडली, कापली तर कापली. अर्धी लटकलेली तारच माणसाचा जीव घेते, असं ते येईल त्याला ऐकवायचे.

एकदा सिरसाळ्याकडचा एक शेतकरी मोटर न्यायला आला. चाचांनी विचारलं, "घरावर बायकोचं नाव लावलंस का?" तो म्हणाला, लावू की, काय घाई आहे. झालं! चाचा त्या मोटरीवरच बसले. "लावतो म्हणून शपथ घे, मग ने."

"अहो चाचा, हरभऱ्याला पाणी द्यायचंय! तुमचं पैसं घ्या अन् उठा!"

"न्हाई उठत."

आरडाओरडा ऐकून मी बाहेर आले. मी सांगितलं, उठा, तर मला म्हणाले, "तुमी यात पडू नका, बाई." शेवटी त्या बिचाऱ्यानं घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून बायकोला सगळं सांगितलं, की बघ, हा म्हातारा कसा वेडा झालाय. पलीकडं तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बायको म्हणाली, "चाचा, तुमी उठू नका." आख्खी गल्ली हसली. तो शेतकरीही हसला, आणि मला वाटतं त्यानं नंतर नाव लावलं.

हसण्यासारखंच होतं ते सगळं. पण हे वेड कुठून आलं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरात जरीना होती.

जरीना त्यांची लेक आणि माझी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. पाढे पाठ, अक्षर सुरेख, आणि कुणी रागावलं की ओठ मिटून बसणारी. तिला माजलगावला दिली. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एका पिशवीसकट परळीच्या बसमध्ये बसवून दिलं. मूलबाळ नाही. आई तिच्या लग्नाआधीच गेलेली. ती आली ती बापाचं घर सांभाळत राहिली. चाचा एकदा मला म्हणाले, "इतकी वर्सं ज्या घरात राबली त्या घरातला चमचा तिचा नवता, बाई."

जरीनाला एक थोरला भाऊ, पुण्याला नोकरीला. पोरगा वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू. पण आला की म्हणायचा, अब्बा, हे मकान विकून टाकू, तुम्ही पुण्याला चला. चाचा विचारायचे, "आन् जरीना?" तो म्हणायचा, "तिचं बघू काहीतरी." एवढंच. हे 'बघू काहीतरी' चाचांच्या छातीत जाऊन बसलं. आपण मेल्यावर ही पोरगी पुन्हा पिशवी घेऊन बसस्टँडवर उभी राहणार, हे त्यांना डोळ्यांपुढं दिसायला लागलं. कुणाच्याही मयतीला गेले तरी त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. "आमच्यात वारसाच्या नावानं वसीयत चालत न्हाई, बाकीचे वारस हो म्हणल्याबिगर. म्हणून हिबा करायचा. जित्तेपणीच देऊन टाकायचं. देणाऱ्यानं दिलं म्हणायचं, घेणाऱ्यानं घेतलं म्हणायचं, आन् कब्जा सोडायचा. दिलं म्हणजे दिलं." यातल्या कब्जानं पुढं सगळा घोळ केला. कोर्टाजवळच्या हॉटेलात चहा पिताना त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं, की एका बापानं लेकीला हिबा केला, पण स्वतः मालकासारखा त्याच घरात राहिला. बाप मेल्यावर कोर्टानं हिबाच मोडीत काढला आणि लेक रस्त्यावर आली. खरं-खोटं देव जाणे. पण चाचा तिथून आले ते पांढरेफटक होऊन आले.

त्यांनी रजिस्ट्री केली. नगरपरिषदेत जरीनाचं नाव लावलं. एवढ्यावर कुणी शहाणा माणूस थांबला असता. यांनी मशिदीच्या इमामसाहेबांना, शेजारच्या किराणावाल्याला आणि मला अंगणात बोलावलं. जरीना ओढणीत तोंड लपवून उभी होती. चाचा खणखणीत आवाजात म्हणाले, "हे घर दिलं. घेतलं म्हण, बेटी."

"अब्बा, घर आपलंच हाय की."

"आपलं न्हाई, तुजं. घेतलं म्हण."

ती म्हणेना. इमामसाहेब घसा खाकरायला लागले. शेवटी मी वर्गातल्यासारखी दटावली तेव्हा ती कसंबसं "घेतलं" म्हणाली. चाचांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं आपल्या हातानं मिटवली, आत गेले आणि खाट, वळकटी आणि कपड्यांची पेटी घेऊन बाहेर आले.

"हे कुठं निघालात?" मी विचारलं.

"दुकानात. कब्जा दिला, बाई. आता आमी आत कसे राहू?"

मला वाटलं, दोन दिवसांची नाटकं. रात्री डास चावले की येतील परत. कसले येतायत! त्या दिवसापासून ते माझ्या गाळ्यात, मोटरींच्या मधल्या जागेत खाट टाकून राहिले.

जेवायला मात्र घरी जायचे. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला, रस्ता माणसांनी भरलेला असताना, रस्ता ओलांडून स्वतःच्या घराच्या दारात उभे राहायचे, कडी वाजवायचे आणि विचारायचे, "आऊँ क्या, बेटी?" आतून "आओ अब्बा" आलं की चपला काढून आत. ती न्हाणीत असली, नमाजाला बसली असली, तर हे उन्हात उभे. जरीनाला त्याची इतकी लाज वाटायची की तिनं त्या वेळेला दार सताड उघडं ठेवायला सुरुवात केली. तर हे उघड्या दारासमोर उभं राहून चौकट वाजवायला लागले. आत जाताना मागं वळून माझ्या खिडकीकडं बघायचे आणि ओरडायचे, "बाई, बगितलं ना?"

"बघितलं, बघितलं! जेवा आता!" मी ओरडायची. एकदा तर मी वैतागून म्हणाले, "शाळेतून निवृत्त झाले म्हणून मला दुसरे उद्योग नाहीत का चाचा? डोळ्यात तेल घालून तुमच्या दाराकडं बघत बसू?"

"बसा," ते म्हणाले. "तुमी मास्तरीण. कोर्टात तुमचं ऐकतेत."

गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायची. "आऊँ क्या?" म्हणत एकमेकांच्या घरात शिरायची. चाचा ऐकून घ्यायचे. मला आधी हसू यायचं, मग चीड यायची, आणि नंतर नंतर त्या वेळेला खिडकीत जाऊच नये असं वाटायला लागलं. पण जायची. न गेले तर ते तिथंच उभे राहून माझी वाट बघायचे, आणि त्यांचं अन्न निवायचं.

त्या वर्षी ईदला पोरगा बायको-मुलांना घेऊन पुण्याहून आला. नवे कपडे, मिठाईचे खोके, सगळं आनंदात. चाचांनी नातवंडांचे मुके घेतले, आणि सगळ्यांना घराच्या दाराशी नेऊन कडी वाजवली. "बेटी, तुजा भाऊ आलाय. आत येऊ देतीस का?"

पोरगा बघतच राहिला. त्याला वाटलं बाप चेष्टा करतोय. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मलाच बघवेना. "माझ्या बापाच्या घरात मी विचारून जायचं?"

"बापाचं न्हाई आता," चाचा म्हणाले.

जरीना धावत बाहेर आली. भावाचा हात धरला, वहिनीच्या पाया पडली, "भाई, येड्यासारकं करू नको, आत ये, शीरखुर्मा केलाय." पण तो खवळला होता. तिचा हात झटकला, मुलांना रिक्षात बसवलं आणि तसाच स्टेशनवर गेला. चाचा दारात उभे होते ते तिथंच उभे राहिले. मी म्हणाले, "चाचा, अहो, एवढ्यापुरतं तरी सोडायचं होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "एकदा सोडलं का कोर्टात तेच पकडतेत, बाई." पोरगा त्यानंतर बाप जिवंत असताना परत आला नाही.

हिवाळ्यात गाळ्याचा पत्रा बर्फासारखा गार पडतो. दाराच्या फटींतून राख येते ती वेगळीच. चाचांना खोकला लागला तो थांबेना. जरीना दोन गोधड्या घेऊन यायची, हातापाया पडायची, "अब्बा, निजायला तरी घरी चला." ते नाही म्हणायचे. मी भांडले. "मरायचंय का तुम्हाला या पत्र्याखाली? काही लेकीचा विचार?"

"तिचाच करतो," म्हणाले, आणि खोकत राहिले.

शेवटी एका सकाळी त्यांना तापात शुद्ध नव्हती. जरीना आणि मी, किराणावाला आणि रिक्षावाला, आम्ही खाटेसकट उचलून त्यांना घरात नेलं. डॉक्टर येऊन गेले, मान हलवून गेले. दुपारी त्यांनी डोळे उघडले, वरचं आढं बघितलं, आणि घाबरून उठायला लागले. "हितं कावून आणलं? जरीनाला विचारलं का?"

"मीच आणलं, अब्बा," जरीना म्हणाली. "माजं घर हाय. मी आणलं."

मग ते शांत पडले. माझ्याकडं बघून म्हणाले, "आमी पावणे हाव, बाई. तुमी बगितलं ना?" मी हो म्हणाले. संध्याकाळी ते गेले. आपल्याच घरात माणूस पाहुणा म्हणून मेला, आणि मी त्याला साक्षीदार. त्या दिवशी मी कधी नव्हे इतकी रडले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून घर कुणाचं असं विचारणारं कुणी नव्हतं. पण पुढं भावाची नोटीस आलीच. हिबा खोटा आहे, नुसता कागदावरचा आहे, घर वडिलांच्याच ताब्यात होतं, मला माझा वाटा पाहिजे. भावाला दोन हिस्से आणि बहिणीला एक, म्हणजे घर विकल्याशिवाय वाटणी होणार नव्हती. जरीनाला घेऊन मी वकिलाकडं गेले. वकील तरुण होता, बोलायला बरा. आम्ही त्याला कडी वाजवण्यापासून पत्र्याच्या गाळ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचांनी फारच मनावर घेतलं. बाप-लेक एकाच घरात राहत असले तरी हिबा होतो. बाहेर पडायची सक्ती नव्हती. किल्ली दिली, नाव लावलं, बास होतं."

जरीनानं विचारलं, "म्हंजी ते घरात निजले असते तरी चाललं असतं?"

"चाललं असतं. पण आता तेच आपल्या उपयोगी पडेल म्हणा."

ती ओठ मिटून बसली. मला त्या हॉटेलातल्या अर्धवट माणसाला शोधून काढून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

कोर्टात माझी साक्ष आधी झाली. मी जे रोज बघितलं ते सांगितलं. मग जरीना उभी राहिली. समोरच्या बाकावर तिचा भाऊ बसला होता. त्याच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "वडील रोज घरात येत होते?"

"येत होते."

"जेवत होते?"

"जेवत होते."

"मग हे कडी वाजवणं वगैरे लोकांना दाखवायला. तुम्ही कधी नाही म्हणणार नव्हता, आणि म्हटलं असतं तरी ते काही परत जाणार नव्हते. घर त्यांचंच होतं. बरोबर ना?"

जरीनानं ओढणी सारखी केली. आमचा वकील चुळबुळायला लागला. न्यायाधीशबाईंनी वर बघितलं. मग जरीना म्हणाली, "मी एकदा न्हाई म्हणले होते."

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी अंबाजोगाईला लेकीकडं गेले होते.

"ईदच्या दुसऱ्या दिवशी," जरीना म्हणाली. आता ती वकिलाकडं बघत नव्हती, भावाकडं बघत होती. "भाई आदल्या दिवशी दारातून उपाशी गेलता. मला अब्बाचा लई राग आलता. ते आले, कडी वाजवली, आऊँ क्या म्हणले. मी म्हणलं, नको. माजा भाऊ उपाशी गेला, तुमी बी जावा. दार लावून घेतलं."

"मग?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"गेले परत. काही बोलले न्हाईत. मी खिडकीतून बगत होते. वाटलं, हॉटेलात जातेल. न्हाई गेले. दुकानात जाऊन बसले, दिसभर. दुसऱ्या दिवशी आले अन् पहिल्यासारकं विचारलं."

भावानं मान खाली घातली ती तारीख संपेपर्यंत वर केली नाही.

निकाल जरीनाच्या बाजूनं लागला. भाऊ अपील करणार नाही म्हणाला आणि तिच्याकडं न बघता निघून गेला. आमचा वकील खुशीत होता. त्यानं कोर्टाच्या आवारातच निकाल उघडून आम्हाला वाचून दाखवला. वडिलांनी घरात येण्याची परवानगी मागितली, मुलीनं ती नाकारली आणि वडील परत गेले, यावरून घराचा ताबा खरोखरच मुलीकडं होता हे सिद्ध होतं. "हे वाक्य बघा, ताई," तो बोट ठेवून म्हणाला. "बाकी सगळं ठीक, पण आपल्याला तारलं ते या वाक्यानं. तुम्ही ते सांगितलंत म्हणून घर राहिलं."

जरीनानं त्याच्या बोटाखालच्या ओळीकडं बघितलं आणि मान डोलावली. रिक्षानं आम्ही परत आलो. घराशी उतरल्यावर रस्त्याच्या त्या बाजूला जाईना, म्हणून मी तिला माझ्याकडं आणलं. भाकरी थापली, पिठलं केलं, तिच्यापुढं ताट ठेवलं. म्हटलं, "खा गं. जिंकलीस तू. चाचांना जे पाहिजे होतं ते झालं."

तिनं घास मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "त्या दिवशी अब्बा दार ढकलून आत आले असते, तर मी हरले असते ना?"

मी हो म्हणाले.

"यायचं होतं त्यांनी. घर गेलं असतं तर गेलं असतं. जेवले तर असते."